हरित ऑफिस इमारतीचा हिशेब कसा मांडायचा?

ऑफिसची इमारत हरित केली तर खर्च मालकाचा आणि फायदा भाडेकरूचा, ही तक्रार खराडी-बाणेरपासून ऐरोली-ठाण्यापर्यंत बऱ्याच मालकांच्या तोंडी असते. तक्रारीत तथ्य आहे. फक्त तिचं मूळ काचेत किंवा चिलरमध्ये (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रात) शोधून सापडत नाही, ते भाडेकरारात असतं. म्हणून या लेखात सौर पॅनेल बरंच उशिरा येईल, आणि लॉबीत लावायची प्रमाणपत्राची पाटी त्याहूनही उशिरा.

हे लिहिलंय ते घरची व्यापारी इमारत नुकतीच ज्यांच्या हाती आली आहे त्यांच्यासाठी, आणि एखाद्या टेक पार्कच्या व्यवस्थापनात नव्याने रुजू झालेल्यांसाठी. जिथे ‘समजा’ म्हटलंय तिथले आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. तुमच्या बिलातले आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करा.

पायरी १ : आधी कागद गोळा करा

निदान दोन वर्षांची वीजबिलं, जनरेटरच्या डिझेलच्या नोंदी, महापालिकेचं पाणीबिल आणि टँकरच्या पावत्या काढा. टँकरचा हिशेब बहुतेक ठिकाणी अकाउंट्समध्ये नीट नसतो, तो गेटवरच्या वहीत असतो. ती वही मागून घ्या. दोन वर्षं अशासाठी, की एखादा उन्हाळा जास्त कडक निघतो आणि एकाच वर्षावरून काढलेली सरासरी फसवते. मधल्या काळात एखादा मजला रिकामा असेल तर त्या महिन्यांवर खूण करून ठेवा. नाहीतर रिकाम्या मजल्याने वाचवलेली वीज उद्या नव्या यंत्राच्या नावावर जमा होईल. यंत्र विकणाऱ्याला तर ते हवंच असतं.

बिलात नुसती एकूण रक्कम पाहू नका. उच्चदाब जोडणी असेल तर करार मागणी (वीज कंपनीकडे नोंदवून ठेवलेला जास्तीत जास्त भार) किती, प्रत्यक्ष कमाल मागणी किती गेली आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण) काय, हे तीन आकडे वेगळे लिहा. महावितरण उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या सगळ्या विजेवर, बिल लावतं. त्यामुळे पॉवर फॅक्टर ढासळला तर युनिटच फुगतात आणि दंडाची वेगळी ओळ दिसत नाही. शिवाय करार मागणीचा ठरावीक टक्का तुम्ही वापरलात की नाही याची पर्वा न करता आकारला जातो. पूर्वीच्या मोठ्या भाडेकरूसाठी वाढवून घेतलेली मागणी तो निघून गेल्यावरही तशीच राहिलेली अनेक इमारतींत दिसते.

आता एकच भागाकार. वर्षभरात वापरलेले एकूण युनिट, म्हणजे ग्रिडचे, जनरेटरचे आणि भाडेकरूंच्या मीटरवरचेही, भागिले पार्किंग वगळून बांधीव क्षेत्र चौरस मीटरमध्ये. याला ऊर्जा कामगिरी निर्देशांक म्हणतात, बोलताना सगळे ईपीआय म्हणतात. समजा, ५०,००० चौरस फुटांची इमारत आहे, म्हणजे सुमारे ४,६४५ चौरस मीटर. वर्षाला ९ लाख युनिट जात असतील तर ईपीआय १९४ च्या आसपास येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २००९ मध्ये ऑफिस इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या निकषांत उष्ण-दमट हवामानातल्या वातानुकूलित ऑफिसला २०० ते १७५ मध्ये एक तारा आणि १०० च्या खाली पाच तारे होते. मुंबईसारख्या हवेत याच कामाला निम्मी वीज पुरू शकते, एवढं त्यातून कळतं. तारा मिळवणं नंतर बघू.

पायरी २ : करार वाचा, कारण पैसा तिथे अडतो

इथे घाई करू नका. वरच्याच इमारतीत समजा मध्यवर्ती एसी, लिफ्ट, पंप आणि कॉमन एरियाचे दिवे मिळून ५ लाख युनिट मालकाच्या मीटरवर येतात, बाकीचे भाडेकरूंच्या मीटरवर. सगळे आकार धरून युनिटला १५ रुपये पडत असतील तर ७५ लाख. त्यात २० टक्के बचत झाली तर वर्षाला १५ लाख रुपये.

हे १५ लाख कोणाचे, ते कॅमच्या, म्हणजे इमारतीच्या सामायिक देखभालीसाठी भाडेकरूंकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काच्या, कलमावर ठरतं. कॅम ठरावीक दराने असेल, म्हणजे चौरस फुटाला महिन्याला अमुक रुपये आणि वरखाली काही नाही, तर बचत मालकाच्या खिशात राहते. कॅम प्रत्यक्ष खर्चावर असेल तर बचत तितक्याच सरळ भाडेकरूकडे जाते. त्यांना महिन्याला चौरस फुटामागे अडीच रुपये कमी पडतात आणि मालकाकडे यंत्राचं बिल उरतं. तिसराही एक प्रकार आहे आणि तो मला सगळ्यात वाईट वाटतो: प्रत्यक्ष खर्च अधिक त्यावर टक्केवारीने व्यवस्थापन शुल्क. अशा इमारतीत वीजबिल कमी झालं की व्यवस्थापन पाहणाऱ्याची कमाई घटते. मग तिथे बचतीच्या बैठका भरपूर होतात, बचत होत नाही. टक्केवारी काढून ठरावीक शुल्क करा आणि हवं तर बचतीतला वाटा द्या.

प्रत्यक्ष खर्चावरच्या कॅमची कोंडी फुटू शकते. न्यूयॉर्क शहर प्रशासनाने २०११ मध्ये भाडेकरारासाठी एक नमुना कलम पुढे आणलं. मालकाने ऊर्जाबचतीसाठी केलेला भांडवली खर्च तो भाडेकरूंकडून हप्त्याने वसूल करू शकतो, पण वर्षाला अंदाजित बचतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच. उरलेले २० टक्के भाडेकरूची गादी: अंदाज थोडा चुकला तरी त्याच्यावर जास्तीचा बोजा पडत नाही. आपल्या उदाहरणात खर्च ४८ लाख धरला तर वर्षाला १२ लाख वसूल होतील आणि चार वर्षांत पैसे परत. पाचव्या वर्षापासून अख्खे १५ लाख भाडेकरूचे. आपल्याकडचे नऊ वर्षांचे, दर तीन वर्षांनी भाडेवाढ असलेले करार पाहता चार वर्षं त्यात सहज बसतात. पण कलम चालू कराराच्या मध्यात घुसवायला गेलात तर समोरचा वकील तुम्हाला उभं करणार नाही. नूतनीकरण किंवा नवा मजला देण्याची वेळ हीच त्याची संधी.

त्याच करारात आणखी दोन-तीन ओळी घालून घ्या. प्रत्येक मजल्याला सब-मीटर. दर महिन्याची वीज-पाण्याची आकडेवारी दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्यायची. आणि एसीच्या वेळा: सकाळी किती ते संध्याकाळी किती, त्यानंतर हवा असेल तर तासाचा वेगळा दर. शनिवारी चार माणसांसाठी अख्खा मजला थंड करण्याची सवय या एका ओळीने मोडते.

पायरी ३ : पैसे न लागणारी कामं

बीईईचं सांगणं आहे की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २४ अंश हे माणसाला पुरेसं सुखकर असतं. पुष्कळ ऑफिसांत ते २१-२२ वर असतं आणि लोक एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसतात. मुंबईत मात्र पावसाळ्यात नुसता आकडा वाढवून भागत नाही. हवेतला दमटपणा काढला गेला नाही तर २४ लाही चिकचिक होते आणि दुसऱ्या दिवशी एचआरकडून मेल येतो. तिथे कॉइलची (हवा थंड करणाऱ्या नळ्यांची) सफाई आणि बाहेरून येणाऱ्या हवेचं प्रमाण आधी पाहावं लागतं. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी बाहेरची थंड हवाच आत घेता येते. एअर हँडलिंग युनिटला (मजल्यावर थंड हवा फिरवणाऱ्या यंत्राला) तशी सोय असते, पण डँपर, म्हणजे हवेच्या झडपा, वर्षानुवर्षं गंजून एकाच जागी अडकलेले असतात.

करार मागणी जास्त असेल तर ती कमी करण्याचा अर्ज करा. वेळेनुसार बदलणारे दर लागू असतील तर पंप आणि पाणी शुद्धीकरणाच्या मोटारी स्वस्त तासांत चालवा. यासाठी कुठल्याही सल्लागाराची गरज नाही, एका जागरूक इलेक्ट्रिशियनची आहे.

पायरी ४ : आधी भार उतरवा, मग यंत्र बदला

नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. चिलर जुना झाला म्हणून तेवढ्याच टनांचा (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) नवा मागवतात. आधी उन्हाची बाजू, छप्पर आणि दिवे हाताळले असते तर लहान चिलर पुरला असता.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं. १९३१ च्या या इमारतीत २००९ मध्ये ऊर्जाबचतीचा मोठा कार्यक्रम जाहीर झाला. तिच्या सुमारे साडेसहा हजार खिडक्या काढून इमारतीतच, पाचव्या मजल्यावर उभारलेल्या कार्यशाळेत, जुनीच काच वापरून मधे फिल्म आणि वायू भरून पुन्हा बसवल्या. रेडिएटरमागे उष्णता अडवणारे पत्रे लावले, दिवे सुधारले. त्यामुळे थंडाव्याची गरज इतकी घटली की चिलर बदलून मोठे घेण्याऐवजी आहेत तेच दुरुस्त करून भागलं. ऊर्जाबचतीसाठीचा जादा खर्च सुमारे १.३२ कोटी डॉलर होता आणि वर्षाची अपेक्षित बचत ४४ लाख डॉलर, म्हणजे साधारण तीन वर्षांत परतफेड.

इतक्या लांब जायचं नसेल तर मुंबईच्या फोर्टमधलं गोदरेज भवन आहे. १९७२ ची ही इमारत २०१० मध्ये सुधारली गेली. मुख्य काम एसी यंत्रणा बदलण्याचं होतं. खर्च ५४ लाखांच्या आसपास आला आणि परतफेडीचा काळ ४.७ वर्षं निघाला. आकडे एम्पायर स्टेटइतके झगमगते नाहीत, आणि म्हणूनच मला ते जास्त उपयोगी वाटतात. आपल्या इमारतीत साधारण असंच काही घडणार असतं.

क्रम असा ठेवा. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा परावर्तक रंग. पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली, ते शक्यच नसेल तर फिल्म. मग एलईडी आणि माणूस नसेल तर विझणारे दिवे. त्यानंतर पंखे व पंपांच्या मोटारींवर व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारं उपकरण: मोटारीचा वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे सगळं झाल्यावर उरलेला भार पुन्हा मोजा आणि मगच चिलरचं कोटेशन मागवा. जुना वॉटर-कूल्ड चिलर एका टनाला एक किलोवॉट किंवा जास्तही खातो, चांगला नवा ०.६ च्या आसपास.

ऑडिट मात्र बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ऊर्जा लेखापरीक्षकाकडूनच करून घ्या. फुकट ऑडिट करून देणारी कंपनी बहुधा स्वतःच्या यंत्राचीच शिफारस करते.

पायरी ५ : छपराबद्दल खरं काय ते

सौर पॅनेल चांगलंच आहे. पण उंच इमारतीला ते किती पुरतं, हे कोणी आधी सांगत नाही. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते आणि महाराष्ट्रात त्यातून वर्षाला सुमारे १,४०० युनिट मिळतात. आपल्या इमारतीच्या गच्चीवर कूलिंग टॉवर, टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून २,५०० चौरस फूट उरले, तर २५ किलोवॉट बसतील, म्हणजे ३५,००० युनिट. एकूण गरजेच्या चार टक्केही नाहीत. पैसे सुटतात म्हणून जरूर करा, पण जाहिरातीत ‘सौरऊर्जेवर चालणारी इमारत’ छापू नका.

मोठा हिस्सा हवा असेल तर बाहेरच्या सौर किंवा पवन प्रकल्पाची वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे तारा वितरण कंपनीच्या पण वीज दुसऱ्याकडून, अशी घ्यावी लागते. पूर्वी यासाठी एक मेगावॉटची अट होती. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी ती १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम इमारतींनाही दार उघडलं. वहन आकार, क्रॉस-सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त दरांची भरपाई), बँकिंगच्या (जास्तीची वीज ग्रिडवर जमा ठेवून नंतर वापरण्याच्या) अटी हे सगळं जोडून अंतिम दर काढा. विक्रेत्याच्या पहिल्या स्लाइडवरचा दर हा कधीच अंतिम नसतो.

पाण्याचं थोडक्यात: वॉटर-कूल्ड एसीत कूलिंग टॉवर पाणी पीत असतो, आणि एसटीपीचं, म्हणजे इमारतीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं, नीट शुद्ध केलेलं पाणी तिथे आणि फ्लशला वापरता येतं. ज्या इमारतीला उन्हाळ्यात टँकर लागतात तिथे हे विजेपेक्षाही आधी फिटतं.

पायरी ६ : प्रमाणपत्र, आणि तेही कोणतं

भारतात तीन नावं कायम कानावर येतात. आयजीबीसी, म्हणजे सीआयआय या उद्योगसंघटनेने २००१ मध्ये स्थापन केलेली परिषद. गृह, म्हणजे टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेली ताऱ्यांची पद्धत. आणि अमेरिकेची लीड, जिच्यात ११० पैकी ४० गुणांना प्रमाणपत्र मिळतं, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम. चौथं नाव एज, जागतिक बँक गटातल्या आयएफसीचं. त्यात वीज, पाणी आणि बांधकाम साहित्याचा पर्यावरणावरचा भार या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. लहान मालकाला ते समजायला सोपं जातं.

निवड भाडेकरू पाहून करा. अमेरिकी कंपनीचं कॅपेबिलिटी सेंटर (मूळ कंपनीचं काम भारतातून करणारं केंद्र) भाडेकरू म्हणून हवं असेल तर लीडला वजन. सरकारी कार्यालय किंवा बँक येणार असेल तर गृह किंवा आयजीबीसी चालतं. त्याहून महत्त्वाचा फरक बांधकामाच्या आणि चालू इमारतीच्या प्रमाणपत्रात आहे. पहिलं आराखडा आणि उभारणी पाहून मिळतं, दुसरं प्रत्यक्ष बिलं पाहून, आणि ते ठरावीक वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. लॉबीत जुनी प्लॅटिनमची पाटी आणि बेसमेंटमध्ये दिवसा जळणारे सगळे दिवे, अशी जोडी दुर्मीळ नाही.

नवी इमारत बांधत असाल तर एक थेट पैशाचा मुद्दा आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येतं त्या प्रमाणावर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय आहे. गृहचे तीन, चार, पाच तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम यानुसार तो मिळतो. बृहन्मुंबईला ही नियमावली लागू नाही. जागेचे भाव पाहता हे काही टक्के हरित बांधकामाचा जादा खर्च बऱ्याचदा एकटेच फेडतात. ठरलेला दर्जा नंतर मिळाला नाही तर दंड आहे, हे वास्तुविशारदाला पहिल्या बैठकीत आठवण करून द्या.

पायरी ७ : रिकाम्या मजल्याची किंमत काढा

मालक विजेच्या १५ लाखांवर तासभर चर्चा करतात आणि खरी रक्कम दुसरीकडेच असते. समजा १०,००० चौरस फुटांचा मजला, चौरस फुटाला महिन्याला भाडं ८० रुपये, कॅम १२ रुपये. तो सहा महिने रिकामा राहिला तर ४८ लाख भाडं आणि ७ लाख २० हजार कॅम, एकूण ५५ लाखांहून जास्त. ब्रोकरेज वेगळं. म्हणजे अख्ख्या इमारतीची साडेतीन वर्षांहून अधिक काळाची वीजबचत एका रिकाम्या मजल्याने खाल्ली.

हरित असण्याचा भाडेकरूला टिकवण्याशी संबंध कसा? सेबीच्या नियमाने शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा बीआरएसआर अहवाल सक्तीचा आहे. भाड्याच्या ऑफिसात जळणारी वीजही त्यांच्या आकड्यांत येते. परदेशी कंपन्यांवर मायदेशातून दाब असतो. नेदरलँड्समध्ये १०० चौरस मीटरवरच्या ऑफिसला जानेवारी २०२३ पासून किमान ‘सी’ ऊर्जादर्जा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘एफ’ किंवा ‘जी’ दर्जाची व्यापारी जागा, काही अपवाद सोडले तर, भाड्याने ठेवताच येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२४ पासून मोठ्या इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर टनाला २६८ डॉलर दंड. अशा कंपनीचा पुण्यातला जागा-शोध सुरू होतो तेव्हा आयपीसींकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय मालमत्ता सल्लागार कंपन्यांकडून, येणाऱ्या यादीत प्रमाणपत्राचा रकाना असतो. तो रिकामा असेल तर तुमची इमारत दाखवायलाच कोणी येत नाही, आणि का आलं नाही हेही कळत नाही.

भाडं किती वाढतं, यावर मात्र सावधपणे बोला. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये २०१० साली आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या हरित ऑफिसांचं भाडं सुमारे ३ टक्के, भरलेल्या जागेचा विचार करून ६ टक्क्यांहून जास्त आणि विक्रीची किंमत १६ टक्क्यांच्या आसपास अधिक दिसली. तो तिथला आणि त्या काळातला आकडा आहे. बाणेरच्या वाटाघाटीत तो टेबलावर टाकून उपयोग नाही. तिथे शेजारच्या इमारतीचं भाडं आणि तिचा रिकामा मजलाच बोलतो.

पायरी ८ : मूल्यांकनकार आणि बँकेशी बोलणं

व्यापारी इमारतीची किंमत निव्वळ वार्षिक उत्पन्न भागिले कॅप रेट अशी काढतात. कॅप रेट म्हणजे गुंतवणूकदाराला किमतीवर अपेक्षित असलेला वार्षिक परतावा, समजा ८ टक्के. ठरावीक कॅममुळे १५ लाख तुमच्याकडेच राहत असतील तर इमारतीची किंमत १ कोटी ८७ लाखांनी वाढते. हेच १५ लाख भाडेकरूकडे जात असतील तर या गणितात शून्य वाढ, मग मुद्दा जागा भरलेली राहण्याचाच. पायरी २ वर इतका वेळ घालवायला का सांगितलं ते इथे उमगेल.

बँकांना हरित इमारतींना कर्ज देण्यात रस असण्याचं कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये हरित ठेवींसाठी चौकट आणली आणि त्या ठेवींचा पैसा जिथे वापरता येतो त्यात हरित इमारती आहेत. लीज रेंटल डिस्काउंटिंगचं, म्हणजे येणाऱ्या भाड्याच्या तारणावरचं, कर्ज घेताना किंवा नवीन करताना दरात सवलत मिळेल का, हे लेखी विचारा. विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि एक फाइल आजपासून उघडा: महिन्यावार युनिट, पाणी, डिझेल, कुठला मजला कधी रिकामा होता, कुठलं काम कोणत्या तारखेला झालं, त्याचं बिल, यंत्रांची वॉरंटी, प्रमाणपत्राची मुदत. विक्रीच्या वेळी खरेदीदाराचे लोक तपासणीला येतात तेव्हा ते हेच मागतात. ज्याच्याकडे ते नसतं त्याला ‘एसी यंत्रणा जुनी असावी’ या अंदाजावर किंमत तोडून मिळते. फाइल एक्सेलमध्ये ठेवा, आणि तिची प्रत फक्त फॅसिलिटी मॅनेजरच्या लॅपटॉपवर राहू देऊ नका. तो नोकरी बदलतो.